तळघरातला राहिलेला प्रश्न

बाई गेल्या हे मला त्यांच्या यजमानांच्या बोलण्यातून कळले. मंगळवारी सकाळी त्यांनी बाईंची पिशवी टेबलावर रिकामी केली आणि शेजारणीला विचारले, “वहिनी, हिचा चष्मा कुणाला उपयोगी पडेल का?” मग त्यांनी मला उचलले आणि खणात ठेवून दिले.

मित्रांनो, मी बाईंचा जुना टेपरेकॉर्डर. बाई कादंबऱ्या लिहीत. शेवटच्या कादंबरीत त्यांची नायिका मेटल म्हणजे कानठळ्या बसवणारे रॉक संगीत वाजवणाऱ्या बँडमध्ये ड्रम बडवणारी मुलगी होती आणि बाईंना तर शांत, हळू गाण्यांपलीकडे काही ठाऊक नव्हते. म्हणून दर शनिवारी दुपारी त्या मला घेऊन टायरच्या दुकानाखालच्या तळघरात जात. तिथे काळ्या टी-शर्टातली चार मुले सराव करत. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या, तरी माझी सुई थरथरायची.

पहिल्या दिवशी बाईंनी विचारले, “तुमचं आवडतं गाणं कोणतं?”

“काकू, हे म्हणजे जेवलात का विचारल्यासारखं झालं,” ड्रम वाजवणारी मुलगी म्हणाली. “कुठलं गाणं ऐकायची लाज वाटते, ते विचारा.”

गिटारवाला लाजला. त्याला गुळमट प्रेमगीते आवडत. “पण छापू नका हं, माझी इज्जत जाईल!”

“ती आली कधी होती?” मुलगी म्हणाली.

बाईंनी लिहिले होते की नायिका दुसऱ्या एका बँडचा कार्यक्रम ऐकायला त्याच बँडचा नवाकोरा टी-शर्ट घालून जाते. ते ऐकून चौघे पोट धरून हसले. असे फक्त नवखे करतात म्हणे! बाईंनी ते पान तिथेच फाडले. चूक कबूल करायला त्यांना कधी जड गेले नाही.

बाई गेल्या तेव्हा कादंबरीचे एकच प्रकरण लिहायचे उरले होते. चार महिने मी खणात पडून होतो. माझ्या पोटातले सेल फुटून गंज चढला. यजमान नळदुरुस्तीची कामे करतात. एका रविवारी त्यांनी व्हिनेगरने मला घासूनपुसून स्वच्छ केले, नवे सेल घातले आणि बाईंचा आवाज लावला. दोन वेळा ऐकला. मग बाईंची वही उघडली. शेवटच्या ओळीत लिहिले होते, ‘तिला विचारायचे : घरी एकटी असताना काय ऐकतेस? याशिवाय शेवट जमणार नाही.’

पुढच्या शनिवारी यजमान मला घेऊन, कानांत कापूस घालून तळघरात उतरले आणि त्यांनी ड्रमवाल्या मुलीला बाईंचा तो प्रश्न विचारला.

“काका, तो कापूस काढा, नाहीतर उत्तर कसं ऐकणार?” मुलगी म्हणाली. ड्रमच्या काठ्या खाली ठेवून तिने जरा विचार केला. “खरं सांगू? काहीच नाही. कान दुखतात. आमचा पंखा जरा लंगडतो, त्याचाच ठेका मोजत पडते.”

यजमान मोठ्याने हसले. चार महिन्यांत त्यांचे हसू मी ऐकले नव्हते. “हिने हे लगेच लिहून घेतलं असतं,” ते म्हणाले.

मित्रांनो, जुनी यंत्रे ठेवून देताना सेल काढून ठेवत जा. आणि टेप पुसण्याआधी एकदा ऐकत जा.

यजमान आता रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी थोडे लिहितात. खोडतात जास्त. दोन पाने झाली आहेत. बाकीचे प्रकरण लिहायचे राहिले आहे.