कपाळाला हात

काकूंच्या पाळणाघरात शिरायचं तर आधी कपाळ पुढे करावं लागे. दारात चपला काढायच्या, मान वर करायची, काकूंचा हात कपाळावर क्षणभर टेकायचा आणि मगच आत. ताप असला तर तिथूनच परत. "घेऊन जा घरी," एवढं म्हणून काकू पुढच्या पोराकडे वळत. आयांनी रडून पाहिलं, बापांनी आवाज चढवून पाहिला, एका आजोबांनी तर ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावून तो काकूंच्या कानाशी धरला. काकू ढिम्म. थर्मामीटर एकवेळ चुकेल, काकूंचा हात चुकायचा नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. मुलांनी तर त्याचा खेळच केला होता. बाहुलीच्या, अस्वलाच्या, प्रसंगी भिंतीच्याही कपाळाला हात लावून ती फर्मान काढत, "ताप! घरी जा!"

असा हा हात. त्याला पहिल्यांदा घाम फुटला तो सरकारी योजनेमुळे.

योजना ऐच्छिक होती. म्हणजे हवं तर या, नको तर राहू द्या. पण मागच्या गल्लीतलं पाळणाघर लगेच योजनेत शिरलं, तिथल्या आईबापांची फी माफ झाली, आणि काकूंच्या दारातल्या आया चपला घालता घालता विचारू लागल्या, "काकू, तुम्ही कधी घेताय?" इकडे आड तिकडे विहीर असली, तरी मधल्या वाटेला सरकार ऐच्छिकच म्हणतं. काकूंनी होकार कळवून टाकला.

फी आता सरकार देणार होतं, पण हजर मुलांपुरतीच. मूल आलं की फोनवरून त्याचा फोटो पाठवायचा, जाताना पुन्हा एक. दुपारी दोनपर्यंत थांबलं तर हजर, त्याआधी गेलं तर गैरहजर. आणि महिन्याची हजेरी ठरलेल्या आकड्याखाली घसरली, तर पैसे निम्मे. पूर्वी मूल आठवडाभर अंथरुणात असलं तरी फी महिन्याची पुरी यायची. काकूंच्या कडकपणाला तेव्हा काही खर्च येत नव्हता. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आलेली नव्हती, आणि आपल्यापैकी कितीजणांच्या येते!

नेमकी त्याच महिन्यात तापाची साथ आली. काकूंनी शिरस्त्याप्रमाणे एकेका पोराला दारातून परत पाठवलं आणि हजेरी उतरत गेली. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा हिशेब अगदी सोपा उरला होता. आज आठ मुलं दोनपर्यंत थांबायला हवीत. घराचं भाडं, दुधाचं बिल आणि नणंदेचा पगार, सगळं त्या आठांवर टेकलेलं होतं.

नणंद म्हणजे बेबी. वय पंचेचाळीस, पण घरात सगळ्यांत धाकटी म्हणून जे नाव पडलं ते पडलं. पाळणाघरात एवढी खरी बेबी मंडळी असताना ही हाक ऐकून नवे पालक चमकत. बेबी मुलांचं खाणंपिणं बघायची आणि वहिनीच्या चुका काढायची. दोन्ही कामं मन लावून करायची.

सकाळी सात मुलं आली. सातही कपाळं गार. काकू दारातच उभ्या राहिल्या, आत जाववेना. आठवी यायची होती ती भिंगरी. तीन वर्षांची, एका जागी कधी बसली नाही म्हणून भिंगरी. तिची आई कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती, आणि तिथे आजारपणाच्या रजा तिने लेकीपायी केव्हाच संपवल्या होत्या.

दोघी आल्या. भिंगरी आज कडेवर होती. एरवी ती आईच्या चार पावलं पुढे असायची.

"रात्रभर छान झोपली हं काकू," आई न विचारताच म्हणाली.

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. भिंगरीने सवयीने डोळे मिटून कपाळ पुढे केलं. काकूंनी हात टेकवला. कोमट होतं. फार नाही, पण गार नव्हतं, आणि त्यातला फरक त्या हाताला झोपेतही कळला असता.

"ये गं," काकू म्हणाल्या.

आईने सोडलेला श्वास पायरीपर्यंत ऐकू आला. ती जवळजवळ पळतच गेली.

बेबीने भिंगरीचे बूट काढता काढता तिचा गाल चाचपला. "वहिनी, ही कोमट लागतेय."

"उन्हातून आलीय."

"ऊन कुठंय?"

बाहेर ढगाळ होतं. बेबी काही दुधखुळी नव्हती. तिने आवाज खाली आणला. "असं कर, आताच हिचे दोन्ही फोटो काढून ठेवू. दुसऱ्याला फ्रॉक बदलू. आईला बोलवून हिला घरी पाठवू आणि दुपारी तो दुसरा फोटो पाठवून देऊ. कोण बघतंय?"

"बेबी!" काकू कडाडल्या. "सरकारला फसवायचं? माझ्या दारात खोटं काम चालणार नाही."

"बरं बाई," बेबी म्हणाली. "मग खरं काय ते तूच बघ."

काकूंनी फोटो पाठवला. आठ.

मग सुरू झाली वाट बघण्याची शिक्षा. मुलं ठोकळे रचत होती, पाडत होती. काकू एका डोळ्याने घड्याळ बघत होत्या, दुसऱ्याने भिंगरीला. ती बसली होती. ठोकळ्यांच्या ढिगाशेजारी शहाण्यासारखी बसली होती, आणि शहाणी भिंगरी काकूंनी आजवर पाहिली नव्हती. दात येत असतील, काकूंनी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या वर्षी कसले दात, आतून दुसऱ्या कुणीतरी विचारलं. पोट साफ नसेल. आईशी भांडली असेल. कारणं काय, शोधली की सापडतात. त्यांनी सकाळपासून तिला पुन्हा हात मात्र लावला नव्हता. सात जणांची नाकं पुसली, वेण्या घातल्या, एकाचा पाय खुर्चीतून सोडवला, पण त्या कोपऱ्याला वळसा घालून.

जेवणाच्या वेळी भिंगरीने घास तोंडात तसाच धरून ठेवला.

"वहिनी, फोन कर तिच्या आईला," बेबी म्हणाली.

"करते. जरा थांब."

"कशाला थांबायचं?"

काकूंची नजर घड्याळाकडे गेली आणि बेबीची काकूंकडे. बेबीला जे समजायचं ते समजलं. ती इतकी गप्प झाली की काकूंना तिच्या बडबडीची आठवण यायला लागली.

"दोन वाजू दे," काकू हळूच म्हणाल्या. "थोडाच वेळ राहिलाय." बोलल्या आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण शब्द तोंडातून निघून गेले होते.

मुलं झोपायला टेकली. भिंगरी आपली चादर ओढत काकूंच्या पायाशी आली. गाल लाल, ओठ सुकलेले. तिने काकूंचा हात दोन्ही हातांनी धरला, जड वस्तू उचलावी तसा उचलला आणि स्वतःच्या कपाळावर ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

"घरी जा," भिंगरी म्हणाली. काकूंच्या वतीने तिने स्वतःलाच फर्मान काढलं होतं.

काकूंनी पोरीला उचललं, बेबीला "पाणी आण, फडकं आण" असं ओरडून सांगितलं आणि एका हाताने फोन लावला. घड्याळाकडे मग त्यांनी पाहिलं नाही. बेबीने पाहिलं. दोन वाजायचे होते.

आई धापा टाकत आली तेव्हा काकू भिंगरीच्या कपाळावरची पट्टी बदलत होत्या. आईने लेकीला छातीशी घेतलं आणि तिथेच फरशीवर बसून रडू लागली.

"माझं चुकलं काकू. पहाटे ताप होता हिला. मी औषध पाजलं आणि आणलं. आज गेले नसते तर कामावरून काढणार होते."

"ऊठ, आधी डॉक्टरांकडे जा."

"जाते. पण ऐका ना." तिने डोळे पुसले. "दारात मला वाटलं, तुमच्या हाताला कळणारच. तुम्ही परत पाठवलंत तर नोकरी गेली तर गेली, असं ठरवूनच आले होते. पण तुम्ही 'ये गं' म्हणालात. मग म्हटलं, काकूंनी आत घेतलं म्हणजे उतरला असणार. त्या भरवशावर सकाळपासून मशीन चालवलं."

तिने कसलाही आरोप केला नव्हता. तेच तर वाईट होतं. ती माफी मागत होती आणि काकूंना नुसतं "असू दे" म्हणून सुटता आलं असतं. बेबी दुधाचं भांडं हातात धरून उभी होती. आज ती एक शब्दही बोलणार नव्हती.

"कळलं होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"सकाळीच कळलं होतं मला. अंग कोमट होतं. तरी मी आत घेतली. आज आठ मुलं दाखवायची होती, आणि ही आठवी होती."

भिंगरीची आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचं रडं थांबलं. तिने मुलीचे बूट उचलले, पिशवी खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरली. चार शिव्या दिल्या असत्या तर काकूंनी आनंदाने ऐकून घेतल्या असत्या.

संध्याकाळी काकूंनी योजनेच्या कचेरीत फोन केला.

"बाहेर पडता येईल ना," पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. "ऐच्छिकच आहे. पण कारण काय लिहू? योजनेबद्दल तक्रार आहे का काही?"

"नाही हो. योजना चांगली असेल. मला झेपत नाही, असं लिहा."

फी पुन्हा सुरू झाली. तीन मुलं मागच्या गल्लीत गेली. बेबीने स्वतःहून सांगितलं, की दोन महिने तिला पगाराची घाई नाही. वर, "तुझ्यावर उपकार म्हणून नाही हं," असंही ऐकवलं. काकू रोज दारात उभ्या राहत, कपाळांना हात लावत, आणि एकदा लावून समाधान होईना म्हणून पुन्हा लावत. भिंगरी आली नाही. ती बरी झाल्याचं भाजीवालीकडून कळलं, तेव्हा काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

आणि एका सकाळी दोघी पायऱ्या चढून आल्या. भिंगरी आईच्या चार पावलं पुढे होती.

"मागच्या गल्लीत ती रमली नाही," आई काकूंकडे न बघता म्हणाली. "फी देईन मी."

मग तिने पर्समधून थर्मामीटर काढलं, लेकीच्या काखेत धरलं आणि दारातच थांबली. काकूही थांबल्या. मागे आणखी दोन आया येऊन उभ्या राहिल्या. थर्मामीटर वाजलं, आईने आकडा वाचला आणि काकूंसमोर धरला. "नाहीये ताप."

"नाहीये," काकू म्हणाल्या, आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला.

भिंगरी मात्र उंबऱ्यावरून हलेना. डोळे मिटून, कपाळ पुढे करून ती उभीच राहिली. आत जायचं तर आधी हे व्हायला हवं, एवढंच तिला ठाऊक होतं.

काकूंचा हात उचलला गेला आणि मधेच थांबला. त्यांनी भिंगरीच्या आईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत, कुणाच्या कपाळाला हात लावण्याआधी, त्या पहिल्यांदाच विचारत होत्या.

"लावू?"