शेवटचा गडी आत येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. किल्लीचं. डोक्यावरची गुंडी पिळली की माझ्या अंगात जीव येतो. तीच गुंडी दाबली की मी पळतो, पुन्हा दाबली की थांबतो आणि तिसऱ्यांदा दाबली की दोन्ही काटे शून्यावर. माझा सगळा जन्म या तीन दाबांत गेला. तरी सांगायला मला वेळ लागणार आहे, कारण गेली तीन वर्षं माझ्याशी कुणी धड बोललेलं नाही आणि आज तुम्ही तावडीत सापडला आहात.

एका लांबलचक खोलीत, खिडकीशी बसलेल्या बाईंनी डोळ्याला भिंग लावून माझी स्प्रिंग बसवली. मला कानाशी धरलं आणि "हं" एवढंच म्हणाल्या. ती माझी पहिली शाबासकी. तेव्हा माझी स्वप्नं मोठी होती. भरलेलं मैदान, जिवाच्या आकांताने पळणारे खेळाडू, आणि कुणीतरी माझ्याकडे बघून ओरडतंय की विक्रम मोडला.

नशिबात आले सर. ते शाळेत कवायत शिकवायचे आणि रविवारी चर्चमधली प्रार्थना संपली की मागच्या मैदानावर मंडळींना धावायला शिकवायचे. मला त्यांच्या बायकोने भेट दिलं होतं. जगाला वेळेवर पळवता, आता स्वतः घरी वेळेवर येत जा, असं ती म्हणाली होती म्हणे. पुढे चार वर्षांत ती आजारपणात गेली. मागे राहिलो सर, त्यांची तीन वर्षांची मुलगी आणि मी.

सरांची मंडळी म्हणजे काय विचारता! एक बेकरीवाला, एक शिंपीणबाई, शाळेतली दहा-बारा मुलंमुली आणि एक पोस्टमन. पोस्टमन दर वेळी पहिला यायचा. पत्रं मात्र उशिरानेच वाटायचा. चर्चच्या फाटकापासून निघायचं, कापडगिरणीच्या भिंतीने जायचं, पाण्याच्या टाकीचा चढ चढायचा आणि फिरून मैदानावरच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेवर यायचं.

आणि सरांचा एक नियम होता. शेवटचा गडी आत येईपर्यंत घड्याळ थांबवायचं नाही. पहिला आला तरी नाही, दहावा आला तरी नाही. आलेल्यांनी रेघेपाशी उभं राहायचं, शेवटच्यासाठी टाळ्या वाजवायच्या आणि मगच सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. पोस्टमनने एकदा कुरकुर केली तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "देव पहिल्या नंबरालाच आत घेत असता, तर आपल्यातलं कोण आत गेलं असतं?" सर एरवी प्रवचन करत नसत. कुणी ठेच लागून पडला की म्हणायचे, लाज कसली, प्रभूसुद्धा क्रूस वाहताना पडला होता, ऊठ. एवढंच त्यांचं धर्मशिक्षण, पण ते गुडघ्याच्या जखमेसारखं लक्षात राहायचं.

मला मात्र हा नियम मुळीच आवडत नसे. खोटं कशाला बोलू? माझ्या छोट्या तबकडीवर तीसच मिनिटं आहेत. शेवटचा गडी येईतो तो काटा एक फेरी पुरी करून पुन्हा निम्म्यापर्यंत यायचा. अख्ख्या घड्याळजातीत अशी नाचक्की कुणाची झाली नसेल.

हा शेवटचा गडी म्हणजे सरांचीच मुलगी. मुलं तिला गोगलगाय म्हणायची, पुढे त्याचं गोगी झालं आणि तिनेही ते हसून घेतलं. टाकीच्या चढावर तिचा दम संपायचा आणि ती चालायला लागायची. दर रविवारी शेवटची. पण रेघेवर तिचे बाबा उभे असायचे, हातात मी आणि डोळे गिरणीच्या कोपऱ्यावर. तो कोपरा वळताना तिचा चेहरा उजळायचा, तो मी शेकडो वेळा पाहिला आहे.

गोगी सतरा वर्षांची असताना एका रविवारी मोठ्या स्पर्धेच्या समितीचे पाहुणे आले. पहिल्या पाच जणांची वेळ बघून संघ निवडायचा होता. पाचवा आत आला, पाहुण्यांनी मान डोलावली आणि सरांनी मला दाबलं.

ऐका, मला बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर चांगली वेळ होती. पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि मी फुशारून गेलो होतो. फोटो निघाले, पाठी थोपटल्या गेल्या, सर्वजण चहाला सभागृहात गेले. सरांनी मला दगडी बाकावर ठेवलं आणि त्या गडबडीत ते मला विसरले. मलाच नाही, तिलाही विसरले.

बऱ्याच वेळाने कोपऱ्यावरून गोगी आली. ती पळत होती. तोंड लालबुंद, वेणी सुटलेली, पण पळत होती. रेघ तोपर्यंत पावलांनी पुसून गेली होती. ती रेघेच्या जागी उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं, मग मला उचललं. माझे काटे थांबलेले होते. आतून सगळ्यांच्या "आमेन"चा आवाज आला. तिने मला जपून होतं तसंच बाकावर ठेवलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सर फोटोवाल्याला निरोप द्यायला बाहेर आले आणि तिला पाहून जागच्या जागी थबकले. ती म्हणाली, "बाबा, आज मी चढावर चालले नाही. पण कोणी बघितलंच नाही." सर काहीतरी बोलायला लागले, पाहुणे होते, घाई होती. तिने ऐकून घेतलं आणि घरी गेली.

त्यानंतर ती धावायला आली नाही. मग हळूहळू प्रार्थनेलाही येईनाशी झाली. दोन वर्षांनी नर्सचं शिक्षण घ्यायला दूरच्या शहरात गेली आणि तिकडेच राहिली. भांडण असं झालं नाही, मित्रांनो. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. सर पत्रं लिहायचे, पाऊस, शेजारी, तब्येत. जे लिहायचं होतं ते सोडून सगळं. तीही तशीच उत्तरं पाठवायची.

त्या रविवारी संध्याकाळी मात्र सरांनी एक गोष्ट केली होती. त्यांनी मला शून्यावर आणलं, पुन्हा सुरू केलं आणि चर्चच्या सामानखोलीतल्या टेबलाच्या खणात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन किल्ली दिली. संध्याकाळी पुन्हा दिली. तिसऱ्या दिवशीही. असं अकरा वर्षं.

अकरा वर्षं मी त्या अंधाऱ्या खणात पळत होतो. सोबतीला एक बसकी शिट्टी, छातीवरच्या नंबरांच्या गंजक्या टाचण्या आणि फक्कीची धूळ. तीस मिनिटं झाली की पुन्हा पहिल्यापासून. समोर मैदान नाही, धावणारा नाही, टाळी नाही. एकटेपणा म्हणजे काय ते मला विचारा. घड्याळजीने सरांना बजावलं होतं की असं अखंड चालवाल तर हे झिजून जाईल. सर म्हणाले, झिजू दे. माझ्या जिवावर उदार होऊन स्वारी मोकळी! पण खण उघडून किल्ली देताना त्यांचा अंगठा माझ्या काचेवरून एकदा फिरायचा, तेवढ्यासाठी मी दिवस काढायचो. हळूहळू मंडळी पांगली, सर निवृत्त झाले, गुडघे गेले. किल्ली द्यायला मात्र ते काठी टेकत येत राहिले.

मग एके दिवशी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. माझी चाल मंदावली आणि सतराव्या मिनिटाला मी बंद पडलो. ज्या एका कामासाठी मला ठेवलं होतं तेही माझ्याकडून झालं नाही. मी त्या खणात रडलो असतो, पण आम्हाला तशी सोय नसते.

किती दिवस गेले कोण जाणे. खण उघडला आणि वर एका बाईचा चेहरा दिसला. कानाजवळ चार पांढरे केस, पण गोगीच. सर पायरीवरून घसरून खुब्याचं हाड मोडून घेऊन बसले होते. चर्चची घंटा वाजवणाऱ्या घंटाकाकांनी तिला फोन करून बोलावलं होतं आणि ती सरांचा जुना चष्मा शोधत होती. तिने मला ओळखलं. शून्यावर आणायला तिचा अंगठा गुंडीवर गेला, तोच दारातून काका म्हणाले,

"ते पुसू नकोस गं. सर रोज दोनदा किल्ली द्यायला यायचे. मी एकदा विचारलं कशाला, तर म्हणाले, माझी पोरगी अजून आत आलेली नाही."

ती खाली जमिनीवरच बसली. मग तिने गुंडी पिळली, हळूहळू, स्प्रिंग अडेपर्यंत, आणि मी जिथे थांबलो होतो तिथून पुढे निघालो.

दीड महिन्याने डॉक्टरांनी सरांना चालायला सांगितलं. एका दुपारी गोगीने मैदानावर फक्कीची नवी रेघ आखली आणि मला शून्यावर आणून सुरू केलं. सर फाटकापासून वॉकर घेऊन निघाले. चाळीस पावलांचं अंतर. दोनदा थांबले. एकदा म्हणाले, पुरे आता, थांबव ते. ती रेघेवरून हलली नाही.

"आधी आत या, बाबा. मी आहे इथे."

ते आत आले. घामाने निथळत, तिच्या खांद्याला धरून उभे राहिले आणि इतकी वर्षं पत्रात न मावलेलं वाक्य म्हणाले, "त्या दिवशी मी थांबायला हवं होतं, बाळा. मी चुकलो." तिने मला त्यांच्या हातात दिलं. सरांनी दाबलं.

अकरा मिनिटं, चाळीस सेकंद. चाळीस पावलांना!

सर जाऊन आता तीन वर्षं झाली. गोगी इथल्याच दवाखान्यात काम करते आणि रविवारी मुलांना धावायला शिकवते. वेळ ती फोनवर लावते, मला हात लावत नाही. मी सामानखोलीच्या खिडकीत असतो, एकटा, धूळ खात, काटे त्या दुपारी सरांनी थांबवले तिथेच. पण खिडकीतून रेघ दिसते. पहिला आला की थोड्या टाळ्या पडतात, मग बराच वेळ शांतता असते, आणि मग एकदम मोठ्या टाळ्या पडतात. तेव्हा मला कळतं, शेवटचं मूल आत आलं.

मित्रांनो, कधी या खोलीत आलात तर माझी धूळ जरूर पुसा. काच घासा, किल्लीही देऊन बघा. फक्त ती गुंडी दाबू नका. माझ्यावरची वेळ ही जगातली सगळ्यात वाईट वेळ असेल, पण ती माझी आहे.