बंडीचा आतला खिसा

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही आठ वर्षांची भागा आहात. इंग्रजांचं राज्य आहे आणि जळगावात एका बंदुकीच्या दुकानात तुम्ही बाकावर पाय हलवत बसला आहात.

भागाचे वडील भाईदास धरणगावचे. कापूस निघाला की सरकी काढायच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनवाल्या शेठची रोकड घेऊन ते बैलगाडीने खेडोपाडी खरेदीला जात. मागच्या हंगामात त्यांच्या जोडीदाराला, अभिमनला, वाटेत लुटारूंनी गाठलं होतं. त्याचा उजवा हात अजून वर होत नव्हता. म्हणून भाईदासांनी खटपट करून परवाना काढला आणि लेकीला घेऊन इथे आले.

दुकानदार हबीबभाईंनी आधी एक मोठं रिव्हॉल्व्हर दिलं. भाईदासांनी ते बंडीच्या आतल्या खिशात घातलं, तर बंडी एका बाजूला लोंबली.

"भाईदासभाऊ, लोक विचारतील, खलबत्ता कुठे निघाला?" हबीबभाई हसले आणि त्यांनी तळहातात मावेल असं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. ते खिशात गडप झालं.

"हेच द्या," भाईदास खुशीत म्हणाले. "कुणाला पत्ता लागायचा नाही."

"माले लागी," भागा बाकावरून म्हणाली.

"तुले कसा लागी वं?"

"तुम्ही घर येतस तव्हय मी पहिले त्याच खिसामा हात घालस. गोडीशेवनी पुडी काढाले."

हबीबभाईंचं हसू थांबलं. भाईदासांनी रिव्हॉल्व्हर हळूच बाहेर काढून काचेवर ठेवलं.

"पुडी आते दुसरा खिसामा ठेवसू."

"पन मगनले कोन सांगी? त्याले बठ्ठा खिसा सारखाच."

मगन तिचा धाकटा भाऊ, नुकता पळायला लागलेला, दिसेल त्या खिशात हात घालणारा. चोराला काय दिसेल याचाच विचार करत भाईदास इतके दिवस परवान्यासाठी फिरले होते. शेवटी त्यांनी ते मोठंच रिव्हॉल्व्हर मागितलं, बटण लागणाऱ्या चामडी म्यानासकट, कमरेला बांधायला. वरून घालायला एक सैल कोट शिवायला टाकला आणि कुलपाची लोखंडी पेटी घेतली. बंडीचा आतला खिसा गोडीशेवेलाच राहिला.

पहिल्या खरेदीहून ते परतले, तेव्हा भागा अंगणातून धावत सुटली नाही. मगनचा हात घट्ट धरून ती उंबऱ्याशी उभी राहिली. भाईदास थेट माजघरात गेले. कुलूप लागल्याचा आवाज आला. मग कोट काढून ते बाहेर आले, खाली बसले आणि बंडी उघडून म्हणाले, "घाल हात, भागू. काही नही शे त्यामा. फक्त पुडी."

मगन हात सोडवायला धडपडत होता. भागाने बंडीकडे पाहिलं, मग वडिलांच्या तोंडाकडे. आणि तिने मगनला सोडलं नाही. दुसऱ्या हाताने परकराची ओटी केली आणि पुडी त्यांनीच काढून टाकावी म्हणून ती वडिलांपुढे धरली.