दातांनी निवडलेली दोरी

भर दुकानात माझ्या बहिणीने दोरी तोंडात घातली, तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"बाई, ती खायची नाहीये," दुकानदार म्हणाला.

"माहितीय," धाकटी दात न सोडता म्हणाली. "चव नाही बघत, पकड बघतेय."

आता हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगते. मी एका कारखान्यात ताडपत्र्या शिवते. दुकानांवरची छतं, ट्रकवरची आच्छादनं, सगळं माझ्या यंत्राखालून जातं. त्यामुळे दोरीच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही, आणि मी ते लपवतही नाही. धाकटीचं पार्लर आहे. मागे काचेच्या दारात तिचा डावा हात सापडला. डॉक्टरांनी बोटं वाचवली, पण अंगठ्याची पकड काही परत आली नाही. तिने पोटभर रडून घेतलं आणि मग क्लिपा दातांत धरून पुन्हा कात्री चालवायला लागली. एक गिऱ्हाईक तुटलं नाही.

तिला वेड एकच. जंगलात दोन झाडांना हॅमक, म्हणजे झोपायची झोळी, टांगायचा, वर ताडपत्री ताणायची आणि रात्र काढायची. अपघातानंतरही ती जायची, पण नवऱ्याबरोबर. तो गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून बसून त्याचा पाय कायम दुसऱ्या ब्रेकवर असतो आणि घरातही तो तिथून काढत नाही. तिने दोरीला हात लावायच्या आत ह्याची गाठ मारून झालेली असायची. माणूस वाईट नाही. फार जीव लावतो, पण त्या जीव लावण्याने बायकोला जीव नकोसा करतो.

शेवटी एकदा जेवता जेवता धाकटीने जाहीर केलं, "रविवारी अंगणात ताडपत्री मी एकटी बांधणार. तू वरून पाइपने पाणी मार. हॅमक कोरडा राहिला तर शनिवारी मी एकटी जाणार. भिजला तर जन्मभर तुझ्याबरोबर येईन आणि गाठींबद्दल चकार शब्द काढणार नाही."

नवरा लगेच कबूल झाला. ती हरणार याची त्याला खात्री होती. ती जिंकणार याची मला खात्री होती, कारण दोरी मी निवडणार होते. मी तर शनिवारची रजासुद्धा टाकून ठेवली होती. तिला न सांगता मागोमाग जायचं आणि चार झाडं सोडून आपलाही हॅमक बांधायचा, असा माझा बेत होता.

पहिली दोरी मी आणली ती बारीक, गुळगुळीत आणि ट्रक ओढता येईल इतकी मजबूत. तसूभर ताणली जात नाही. धाकटीने ती हातात घेतली आणि ती तिच्या अधू अंगठ्याखालून सरकन निसटली. दातांत धरली तर ओठ कापला. एक गाठ आपोआप सुटली, दुसरी अशी आवळली की ती सुईने सोडवावी लागली.

"ही तुझ्या हातांसाठी आहे, ताई," ती ओठ पुसत म्हणाली.

मला राग आला. तिचं खरं होतं म्हणून जरा जास्तच आला.

म्हणून आम्ही दोघी त्या दुकानात उभ्या होतो. धाकटीने एकेक दोरी चावून पाहिली आणि एका जाडसर, मऊ दोरीवर तिचा जीव जडला.

"हीच."

"नायलॉन आहे ती. ओली झाली की सैल पडते."

"पण किती छान धरता येते!"

"छान आहे ना? मग कपडे वाळत घाल तिच्यावर."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. आमच्या घराण्यात तशी पद्धतच नाही. तिने ती घेतली, आणि माझ्या सांगण्यावरून खरखरीत विणीची पॉलिएस्टरचीही घेतली. घरी येऊन दोन्ही दोऱ्या फाटकापासून खिडकीपर्यंत सारख्याच ताणून बांधल्या आणि वर बादलीभर पाणी ओतलं. चहा होईपर्यंत नायलॉनला पोट सुटलं होतं. पॉलिएस्टर होती तशीच ताठ. धाकटीने ती ओलीच दातांत धरून ओढून पाहिली आणि मान डोलावली.

झाडापासून झाडापर्यंत जाणारी आढ्याची दोरी त्या पॉलिएस्टरची ठरली, करंगळीच्या निम्म्या जाडीची. कोपऱ्यांतून खुंट्यांकडे जाणाऱ्या तणाव्यांवर तेवढा भार येत नाही, म्हणून तिथे त्याच विणीची बारीक दोरी घेतली. पण दातांना जाणवेल इतकीच बारीक, आणि भगभगीत केशरी, म्हणजे अंधारात कोणी अडखळून तोंडावर आपटायला नको.

रविवारी मी पायरीवर बसले. हात इतके शिवशिवत होते की शेवटी मांडीखाली दाबून ठेवले. धाकटीने उजव्या हाताने दोरी झाडाभोवती फिरवली, टोक दातांत धरलं, मान मागे ओढली आणि गाठ बसवली. तिसऱ्या खुंटीचा तणावा सुटला. नवरा तत्काळ पुढे सरकला.

"जावईबापू," मी ओरडले, "ब्रेकवरून पाय काढा!"

तो थांबला. तिने तणावा पुन्हा बांधला.

मग त्याने पाणी सोडलं. सवलत म्हणून दिली नाही. वरून, बाजूने, खालून तिरकं, सगळीकडून मारलं. ताडपत्री कुठेही झोल न खाता उभी राहिली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात त्याने पाइप झाडाच्या बुंध्याकडे वळवला. बुंध्यावरचं पाणी दोरीवर आलं आणि दोरीवरून थेंबामागून थेंब ताडपत्रीच्या आत सरकायला लागलं, थेट हॅमकच्या दिशेने.

ताडपत्र्या शिवण्यात जन्म गेला आणि नेमकं हेच मी तिला सांगायला विसरले होते. तोंड उघडलं, पण आता सांगितलं तर तिचं जिंकणं तिचं उरलं नसतं. मी ओठ घट्ट मिटले.

धाकटी त्या थेंबांकडे क्षणभर बघत राहिली. केस भिजले की पाणी कुठून कुठे जातं हे तिला कोणी सांगायला नको. तिने मनगटावरची केस बांधायची कापडी पट्टी दातांनी ओढून काढली, ताडपत्रीच्या कडेबाहेर दोरीला बांधली आणि तिचं टोक खाली लोंबतं सोडलं. दुसऱ्या झाडाकडेही तसंच केलं. पाणी दोरीवरून पट्टीपर्यंत आलं, टोकाशी गोळा झालं आणि बाहेर मातीत पडलं.

नवऱ्याने नळ बंद केला. हॅमकमध्ये हात घातला, कोपरे चाचपले, उशी दाबून पाहिली.

"कोरडा आहे," तो म्हणाला. मग पाइप गुंडाळता गुंडाळता, "मला भीती वाटते गं. बाकी काही नाही."

"मला माहितीय," धाकटी म्हणाली. तिने आपला अधू हात त्याच्या ओल्या खांद्यावर ठेवला. "वाटू दे. पण घरी बसून वाटू दे."

मी हसले. ती माझ्याकडे वळली.

"आणि ताई, तू शनिवारची रजा रद्द कर. तुझ्या कारखान्यातली शिलाईवाली माझ्याकडेच केस कापून घेते."

शनिवारी मी मुकाट कामावर गेले. संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि कारखान्याच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला. मी यंत्र थांबवलं. तेवढ्यात फोन आला.

"ताई, पाऊस," धाकटीचा नवरा म्हणाला.

"दिसतोय."

"फोन करू का तिला?"

"नको," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता तेवढा खणखणीत निघाला नाही. "तिने बांधलीय."

"हो," तो म्हणाला, "बांधलीय तर खरी."

त्याने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. आम्ही दोघं बराच वेळ तसेच पाऊस ऐकत बसलो.