सातवं नाव

"नाव घेऊन माग, वेणू. सगळ्यांचं भलं कर म्हणणं म्हणजे पत्ता न घालता पत्र टाकणं. ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव घे, आणि मोठ्यानं घे."

भामाबाईंनी हे सांगितलं तेव्हा वेणू विशीतली विधवा होती. भामाबाई म्हणजे पनवेलच्या मिशनच्या बायबलबाई. पायी गावोगाव हिंडायच्या, बायकांना अक्षरं शिकवायच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण वेणूबाईंचा नेम चुकला नव्हता. रोज सकाळी आधणात तांदूळ वैरण्याआधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची आणि त्या मुठीबरोबर एकाचं नाव देवापुढं ठेवायचं. गुरुवारी तो डबा चर्चमध्ये बायकांच्या प्रार्थनासभेला न्यायचा. तापानं फणफणत असतानाही त्यांनी मूठ काढली होती. त्या नेमाचा त्यांना थोडा अभिमानही होता, हे पुढं त्यांच्या ध्यानात यायचं होतं.

वेणूबाई भाताच्या गिरणीत पाखडायला जायच्या. शेजारच्या सुपावर जनी असायची, हमाल काशिरामची बायको. अंगावर पिणारं पोर घरी सासूपाशी ठेवून यायची. एकदा तिनं दुपारी अर्धा तास घरी जायची परवानगी मागितली, तर शेठ म्हणाले, "उद्यापासून घरीच बस आणि पाजत राहा." इंजिनच्या पट्ट्याला जाळी नव्हती. त्यात काशिरामच्या भावाचा हात गेला, तेव्हा काशिराम एकटाच शेठकडे गेला आणि एकटाच परत आला. ज्यानं त्यानं आपापलं मागून पाहिलं होतं.

चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांना हे कळलं ते जनीच्या दिराला दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा. त्या रविवारी उपदेशात ते म्हणाले, "एकट्यानं मागितलं की मालकाला ती भीक वाटते. सगळ्यांनी मिळून मागितलं की त्याला बोलणी करावी लागतात. युनियन करणं हा कामकऱ्याचा हक्क आहे, आणि चर्च त्यांच्या बाजूला उभं राहील." पहिल्या बाकावर बसलेल्या दादू मुकादमानं घसा खाकरला. तो गिरणीचा मुकादम आणि चर्चचा जुना सभासद.

शनिवारी संध्याकाळी चर्चच्या शाळेच्या खोलीत सभा झाली. खोली झाडून चहा करायला वेणूबाई होत्या. काशिराम दारातच थांबला.

"पाळकबाबा, आदीच सांगतो. आमी काय बाटनार नाय."

"अरे, अंगठ्याला शाई लावायची आहे, डोक्याला पाणी नाही," पाळकसाहेब म्हणाले. "ये आत."

सगळे हसले. इंजिनवाला ताहेर म्हणाला, "मग माझा पहिला घ्या. मला तर शेठकडूनही धोका आणि मौलवीकडूनही."

युनियनच्या नोंदणीच्या अर्जावर निदान सात नावं हवी होती. नावं झाली ती बरोबर सात. जनीनं अंगठा उठवला, पदराला बोट पुसलं आणि वेणूबाईंकडे पाहिलं.

"तू पन दे की गो. तुला तर सही येते. आमच्या या काळ्या ठिपक्यांत जरा शोभा."

वेणूबाईंच्या हातात कपांचा ट्रे होता. "मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करीन," त्या म्हणाल्या.

"तुजा देव शेटला घाबरत नाय ना? नाय, तुज्यासारका असंल तर पंचाईत हाय."

वेणूबाई हसल्या. ट्रे ठेवायला म्हणून आत गेल्या आणि जरूर नसताना कप पुन्हा विसळत बसल्या.

जाताना पाळकसाहेबांनी सगळ्यांकडून एक वचन घेतलं. अर्ज ते स्वतः येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी मुंबईला नेणार होते. तोवर ही सात नावं या खोलीबाहेर जायची नाहीत. वेणूबाईंनीही मान हलवली.

गुरुवारी प्रार्थनासभेला अकरा बायका होत्या. वेणूबाईंची पाळी आली. डबा पुढ्यात, डोळे मिटलेले. शब्द आपोआप आले, वर्षानुवर्षं येत तसे. "हे बापा, गिरणीतल्या त्या सात जणांना सांभाळ. त्यांचा अर्ज सुखरूप पोचू दे. काशिरामला सांभाळ, जनीला, ताहेरला, बळीरामला, शिवाला, रामूला आणि आमच्या गोदूला." आवाज भरून आला. बायकांनी आमेन म्हटलं. कुणीतरी नाक पुसलं. डोळे उघडले तेव्हा समोर दादू मुकादमाची बायको मालू बसली होती.

मालूनं काही वाईट केलं नाही. घरी जाऊन जेवण वाढताना तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "अहो, गिरणीतली माणसं कसला अर्ज करतायत?" कोण कोण म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा प्रार्थनेत ऐकलेली नावंही सांगितली.

शुक्रवारी सकाळी दादू मुकादम फाटकात उभा होता. त्यानं सात नावं घेतली. क्रमही तोच. काशिराम, जनी, ताहेर, बळीराम, शिवा, रामू, गोदू. "तुम्हाला काम नाही. आमचा युनियनशी संबंध नाही असं ज्याला लिहून द्यायचं असेल, त्यानं आत यावं."

गोदूचा नवरा अंथरुणाला खिळलेला. ती थोडा वेळ फाटकाबाहेरच्या चिंचेखाली उभी राहिली, मग मान खाली घालून आत आली आणि दुसऱ्या कागदावर तोच अंगठा उठवला. सहा उरले.

वेणूबाई दिवसभर पाखडत राहिल्या. शेजारी जनीचं सूप उपडं पडलं होतं, त्याच्या काठाला तिनं बांधलेली निळी चिंधी. संध्याकाळी त्यांनी ते सूप उचललं आणि घरी आणलं. वाटेत चिंचेखाली जनी उभी होती.

"गोदूनंच फोडलं," जनी म्हणाली. "नायतर तिलाच कसं आत घेतलं? आता तिच्या दारचं पानी पन नाय पिनार मी. तू कशाला माजं सूप घेतलंस?"

"कुणी नेलं असतं," वेणूबाई म्हणाल्या. "राहू दे माझ्याकडे."

एवढंच बोलल्या. सूप तिथल्या तिथं द्यायचं, तेही दिलं नाही. देवाचं नाव घेऊन त्यांनी सात जणांच्या पोटावर पाय दिला होता, आणि आता गप्प राहून आठवं पाप करत होत्या. शनिवारी मूठ काढताना कुणाचं नाव घ्यावं ते सुचेना. मूठ तशीच धरून राहिल्या.

रविवारी उपासना संपल्यावर त्या पाळकसाहेबांपुढं उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. काही न वगळता. त्यांना वाटलं होतं पाळकसाहेब म्हणतील, तुमच्या मनात वाईट नव्हतं, बाई. ते तसं म्हणाले नाहीत.

"देवाला ती नावं ठाऊक होती, वेणूबाई. आपण कुणाला ऐकवत होतो?"

उत्तर वेणूबाईंना ठाऊक होतं. बायकांना ऐकवत होते. माझी प्रार्थना किती कळवळ्याची आहे ते. ज्या कागदावर सही करायला भ्याले, त्याच्या बदल्यात.

"अर्जाला एक नाव कमी पडतं," त्या हळूच म्हणाल्या. "माझं घ्या."

"भरपाई म्हणून देत असाल तर नको. उद्या दादू तुमच्यापुढं तो दुसरा कागद धरेल, तेव्हा भरपाई पुरणार नाही."

"मलाही शेठकडे मागायचं आहे," वेणूबाई म्हणाल्या. "कोंड्यानं छाती भरते माझी. चार वर्षं झाली. कधी बोलले नाही."

पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे नव्यानं पाहिलं. "मग जनीला आधी सांगा. गोदूवरचा आळ तुम्हीच काढायचा. माझी एसटी उद्या साडेआठला आहे. मी आठपर्यंत शाळेच्या खोलीत थांबेन."

"येते," वेणूबाई म्हणाल्या. "आधी तिच्याकडे, मग तुमच्याकडे."

सोमवारी उजाडलं तशी त्यांनी आधण ठेवलं, मूठ काढली. या वेळी ओठ हलले, पण आवाज केला नाही. तांदूळ वैरले नाहीतच, चुलीतली लाकडं मागं ओढली. गिरणीचा भोंगा व्हायला अजून वेळ होता. आज त्या वाटेनं जायचंच नव्हतं.

जनी काय म्हणेल? दार लावून घेईल कदाचित. शिव्या तर देईलच, आणि तिच्या शिव्या अख्ख्या आळीला ऐकू जातात. जाऊ देत. गोदूलाही ऐकू गेलेल्या बऱ्या.

त्यांनी पदर खोचला, निळ्या चिंधीचं सूप काखेत घेतलं, कडी हळूच लावली आणि जनीच्या घराकडे चालू लागल्या.