शेगुलाबाईंची मलिद्याची परात

मित्रांनो, भंगाराच्या हातगाडीवर मोडक्या सायकलीखाली पालथी पडलेली तांब्याची परात दिसते ना, ती मी. नाकं मुरडू नका. माझेही दिवस होते.

कडावला बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, तेल्याच्या घरात मी राहिले. शेगुलाबाई मला फक्त मलिद्यासाठी खाली काढत. दरवर्षी त्या अलिबागेकडे एलियाहू नबीच्या खडकाला जात. बैलगाडी हाकायला शेजारचा कासम आणि सोबत त्याची बायको हलिमाबी. यहुदी नि मुसलमान एकाच गाडीत भांडत, गात जायचे. खडकापाशी माझ्यात पोहे, गूळ, खोबरं कालवत. प्रार्थना झाली की पहिली मूठ कासमला. काय तोरा होता माझा!

पुढे ते कुटुंब इस्राएलला निघालं. सगळं सामान विकलं, मला तेवढं हलिमाबीकडे ठेवलं.

"हलिमा, हिच्यात मटण नको हां गं," शेगुलाबाई रडत म्हणाल्या. "माझा लेक हनोक येईल, नबीला मलिदा करील."

"तुझी अमानत हाय, शेगुला. मी पीठबी मळणार नाय."

हलिमाबीनं शब्द पाळला. कासम गेला, घरात सून आली, मी खुंटीवरच. तरी मी काळी पडू नये म्हणून हलिमाबी दर उन्हाळ्यात मला कल्हई करून आणायची. कल्हईवाला चिडवायचा, "चाची, रिकाम्या परातीचे एवढे लाड?"

अखेर हनोक आला. शेगुलाबाई वारल्या होत्या. मलिदा माझ्यातच व्हावा, ही त्यांची शेवटची इच्छा. कमरेत वाकलेली हलिमाबी मला पदरानं पुसत ओटीवर घेऊन आली. मी नुसती लखलखत होते, आणि तेच नडलं.

हनोकनं माझ्यावर बोट फिरवलं. "कल्हई तर ताजी हाय. रोज रांधल्याबिगर कोण कल्हई करतं, चाची?"

"तुझ्या आईची आण, हिच्यात काय बी शिजलं नाय रं!"

"मटण रांधलंस ते रांधलंस, वर माझ्या मेलेल्या आईची खोटी आण घेतेस?"

खरं काय ते मला ठाऊक होतं, पण तांब्याला तोंड कुठलं? हनोक कर्जतहून स्टीलचं ताट घेऊन खडकाला गेला. हलिमाबीला कोणी चल म्हटलं नाही. ती ओटीवरच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला हिरू आला. हलिमाबीनं मला स्वतःच्या हातानं त्याच्या गाडीवर टाकलं. "ने रं बाबा," एवढंच बोलली आणि आत गेली.

आता मला वितळवतील. वितळवू देत. पण मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी काही जपून ठेवलं असेल, तर ते हातात घेण्याआधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. हनोकनं फक्त माझ्याकडे बघितलं.