डावीकडचा पक्षी

दोघी जावांच्या चुली वेगळ्या झाल्या, पण माग काही वेगळा करता आला नाही. भिंतीएवढा लाकडी माग, तो दोन घरांत वाटणार कसा? त्यामुळे भांड्याला भांडं लागून अबोला धरलेल्या थोरली आणि धाकटी रोज सकाळी एकाच फळीवर शेजारी शेजारी बसायच्या आणि ताण्याच्या दोऱ्यांवर लोकरीच्या गाठी मारायच्या. बोलणं कामापुरतं. “लाल सरकव.” “हा घ्या.” थोरलीचा हात घट्ट, धाकटीचा सैल. “तुझ्या गाठीतून मांजर निघून जाईल,” एवढा टोमणा मात्र थोरली अबोल्यातही मारायची.

नव्या गालिच्यावर मधोमध डाळिंबाचं झाड होतं आणि दोन बाजूंना समोरासमोर दोन पक्षी. डावा थोरलीचा, उजवा धाकटीचा. पक्ष्यांच्या माना विणायला घेतल्या आणि थोरलीचे हात थरथरायला लागले. धाकटीच्या ते लक्षात आलं. विचारायला तिनं तोंड उघडलं, पण सवयीनं “निळा देऊ?” एवढंच बाहेर पडलं.

मग थोरलीनं अंथरूण धरलं. धाकटी भेटायला गेली ती मनात कायकाय साठवून. पण थोरलीच आधी बोलली.

“माझ्या पक्ष्याची मान वाकडी झालीय.”

“नाही हो, इतकी नाही दिसत.”

“मला दिसते. उसव ती. आणि गाठी घट्ट मार.”

“मारीन. जाऊबाई, मी तेव्हा...”

“उसवशील ना?”

“उसवीन.”

थोरलीनं डोळे मिटून घेतले. चार दिवसांनी ती गेली.

आलेली माणसं पांगल्यावर धाकटी मागाशी बसली आणि वाकड्या मानेची एकेक गाठ काढू लागली. नवरा दारात येऊन उभा राहिला.

“राहू दे की. तिच्या हातचं शेवटचं आहे ते.”

“म्हणूनच. वाकडं काम आपल्या नावावर राहिलेलं त्यांना खपलं नसतं.”

मान सरळ झाली. वरचा उरलेला भागही धाकटीनं जीव लावून, बोटांची सालं निघेपर्यंत घट्ट विणला. उजवीकडची आपली जुनी सैल वीणसुद्धा उसवून पुन्हा घातली.

गालिचा मागावरून उतरला, तेव्हा व्यापारी हमालांना घेऊन आला. गालिचा ओसरीवर पसरून त्यानं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हात फिरवला.

“वा! एकाच बाईनं विणल्यासारखा झालाय.”

“दोघींनी विणलाय,” धाकटी म्हणाली.

“हो का? कळत नाही हो अजिबात.”

धाकटी गुडघ्यांवर बसली. थोरलीचा हात कुठे संपला आणि आपला कुठे सुरू झाला, ते ती डाव्या बाजूला तळव्यानं चाचपू लागली. खालून वर, पुन्हा वरून खाली. तिलाही सापडेना. हमाल गालिचा गुंडाळायला वाकले, तसा तिच्या तोंडून हंबरडा फुटला. थोरली गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

व्यापारी गोंधळून तिच्या नवऱ्याकडे बघत राहिला. “अहो, मी तर चांगलंच म्हणालो.”